खरेदीचा भाव स्टेटसला टाकताय? आधी हे वाचा

मागच्या खरिपातली गोष्ट. माझ्या मामाचा मुलगा शाहूवाडी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात कृषी सेवा केंद्रात कामाला लागला. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, दुकानाचंही नाही. पोराचं वय १९, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सकाळी नऊ ते रात्री आठ दुकानात. पोती उतरवायची, बाटल्या रॅकला लावायच्या, कॉम्प्युटरवर बिलं मारायची. आमच्याकडे बऱ्याच पोरांची सुट्टी अशीच जाते. काहीजण दुकानात, काहीजण आंबा घाटाकडे हॉटेलात.

दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या हाताला एक कागद लागला. डिस्ट्रिब्युटरनं दुकानदाराला पाठवलेलं दरपत्रक. पिकावर फवारायच्या टॉनिकची जी बाटली काउंटरवर छापील किमतीला जात होती, तिचा दुकानदाराला पडणारा दर त्या किमतीच्या निम्म्याहून कमी होता. "ताई, पप्पांनी हीच बाटली उधारीवर आणलेली गं," तो मला नंतर म्हणाला. "डोस्कंच फिरलं माझं."

डोकं फिरल्यावर आपण जे करतो तेच त्यानं केलं. फोटो काढला, 'बघा आपल्याला कसं लुटत्यात' असं वर लिहिलं आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिला. संध्याकाळपर्यंत तो फोटो सरूड, भेडसगाव, मलकापूर करत कुठल्या कुठे पोचला. लोकांनी त्याला हिरो केलं. तीन दिवस.

चौथ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरचा माणूस दुकानात हजर. त्या दरपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानाचा डीलर कोड छापलेला होता. फोटोत तो स्वच्छ दिसत होता. मग दुकानाचा माल थांबला. ऐन पेरणीत. पाठोपाठ दुकानदाराच्या नावानं वकिलाची नोटीस आली, कारण डीलरशिपच्या करारावर 'दर व योजना त्रयस्थास उघड करणार नाही' अशा अर्थाचं कलम होतं आणि खाली सही दुकानदाराची होती. भावाची नोकरी गेली, हे सांगायला नको. जाताना दुकानदार त्याला एवढंच म्हणाला, "मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं की रं, कुठं किती जातंय ते."

भाऊ चुकला का? आमच्या घरात यावर दोन पार्ट्या आहेत. आजी म्हणते, पोरगं खरं तेच बोललं. मामा म्हणतो, ज्याचं मीठ खाल्लं त्याचं घर बुडवलं. मी इंटर्नशिपला आले तेव्हा हा विषय पुरवणीच्या मॅडमना सांगितला. त्या म्हणाल्या, "घरचं भांडण नको, कायदा काय म्हणतो ते शोध." शोधलं. आणि खरं सांगते, उत्तर आजीच्या बाजूनंही पूर्ण नाही आणि मामाच्याही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्याला वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळवण्याचा हक्क देतो. पण ही किंमत म्हणजे तुम्ही मोजणार ती. दुकानदारानं कितीला आणलं ते सांगण्याचं बंधन त्यात नाही. पाकिटावर एमआरपी हवी, सर्व करांसह हवी आणि त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. ग्राहकाचा हक्क तिथे थांबतो. खरेदीदर हा दोन व्यापाऱ्यांमधला मामला राहतो.

इथे आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरातल्यांना एक गोष्ट खटकते, आणि ती खटकायलाच हवी. आपण जे विकतो त्याचा भाव साऱ्या जगाला माहीत असतो. एकेकाळी रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. बाजार समित्यांच्या कायद्यानं उघड लिलाव आणले. आज कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाला काय भाव निघाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. उसाची एफआरपी तर दिल्लीत ठरते: २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. म्हणजे माझ्या मामाला एका टनाला किती मिळायला हवेत हे मुंबईत बसलेला माणूसही सांगू शकतो. पण मामा जी बाटली विकत घेतो तिचा दर मात्र 'गोपनीय'. युरियाचं तसं नाही. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, आणि सरकार त्यावर किती अनुदान देतं तेही पोत्यावरच छापलेलं. एकाच दुकानात एका कोपऱ्यात सगळा हिशोब उघडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात सगळा झाकलेला. भावाचं डोकं फिरलं ते उगीच नाही.

पण राग बरोबर असला तरी कृती सुरक्षित असतेच असं नाही. म्हणून आता कायद्याकडे.

व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदाच नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात असा कायदा करावा अशी शिफारस केली आणि मसुदाही जोडला. तोवर न्यायालयं करार आणि 'विश्वासभंग' या जुन्या तत्त्वावर निकाल देतात. मुंबई उच्च न्यायालयाचा २००३ चा झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हा निकाल यात नेहमी सांगितला जातो. वाद होता टीव्ही मालिकेच्या एका संकल्पनेचा. ती चर्चेत विश्वासानं सांगितली होती आणि पुढे परस्पर वापरली गेली, अशी तक्रार होती. अशा खटल्यात न्यायालय साधारण तीन गोष्टी तपासतं. माहिती खरोखर गोपनीय होती का? ती विश्वासानं दिली गेली होती का? आणि ती परवानगीशिवाय वापरल्यानं देणाऱ्याचं नुकसान झालं का? बघा, यात 'सही केली होती का' हा प्रश्न नाही. माझ्या भावाचा पहिला बचाव हाच होता: "मी कुठं कशावर सही केली?" सही नसली तरी नोकर म्हणून मालकाशी इमान राखायची जबाबदारी कायदा गृहीत धरतो. तेव्हा हा बचाव लंगडा आहे.

दिलासा देणारी बाजूही त्याच न्यायालयाची, त्याच वर्षातली आहे. स्टार इंडियानं आपल्या एका माजी कर्मचाऱ्याविरुद्ध दावा लावला होता. न्यायालयानं म्हटलं ते सोप्या भाषेत असं: काही काळ नोकरी केलेल्या कुणालाही काही गोष्टी आपोआप कळतात, त्या प्रत्येक गोष्टीला गुपित म्हणता येत नाही. म्हणजे 'टॉनिकवर मार्जिन भरपूर असतं' हे तुम्ही चहाच्या टपरीवर बोललात तर ती बाजारातली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पण एका कंपनीचं, एका तारखेचं, एका डीलरच्या नावाचं दरपत्रक जसंच्या तसं उघड केलंत, तर तुमचा पाय घसरलाच म्हणून समजा.

आता ज्यानं सही केली आहे त्याचं. भारतीय करार अधिनियम १८७२. करार मोडला तर कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते, पण झालेलं नुकसान दाखवावं लागतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इंटर्नशिप लेटरमध्ये, मॉलमधल्या किंवा मेडिकलमधल्या जॉबच्या कागदात एक घाबरवणारी ओळ असते: 'गोपनीयतेचा भंग केल्यास अमुक लाख रुपये द्यावे लागतील.' ती वाचून झोप उडवून घेऊ नका. कलम ७४ सांगतं की अशी रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आत 'वाजवी' भरपाईच देतं. लिहिलेला आकडा हा वरचा टप्पा. मात्र न्यायालय मनाई हुकूम देऊ शकतं, पोस्ट काढायला लावू शकतं, आणि तारखांना हेलपाटे घालायचा खर्च कुठल्याच कलमात लिहिलेला नसतो. (अकरावी-बारावीतल्या पोरांसाठी: १८ पूर्ण नसतील तर तुम्ही केलेला करार तुम्हाला बांधत नाही. यावर जास्त उड्या मारू नका, फौजदारी भाग वेगळा आहे.)

फौजदारी भागात मला सगळ्यात जास्त दचकवलं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यानं. भावानं कागदाचा फोटो काढला. समजा त्यानं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून खरेदीची अख्खी यादी काढून पेनड्राइव्हवर घेतली असती, तर? कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणं हे भरपाईला पात्र. तेच अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा लॉगिन होता, रोज तुम्हीच ते उघडत होता, हे उत्तर पुरेसं नाही. काम करायची परवानगी वेगळी आणि घरी न्यायची परवानगी वेगळी. शिवाय चिडलेला मालक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे विश्वासघाताची तक्रारही घेऊन जाऊ शकतो. नोकरानं केलेल्या विश्वासघाताला तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसत्या आकड्यांना 'मालमत्ता' म्हणायचं का, यावर वकील तासभर भांडतील. पण भांडण ऐकायला तुम्हाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागेल, हे लक्षात ठेवा.

आणि ते वरचं वाक्य! 'लुटत्यात.' नुसता दर टाकणं एक, त्यावर दुकानाचं नाव ओळखू येईल असं टाकून लुटारू म्हणणं दुसरं. ती बदनामी, कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. सत्य आणि लोकहित हा अपवाद आहे, पण लोकहित तुम्हाला सिद्ध करायला लागतं. आणि सत्य? इथे आमच्या भावाची बाजू खरी लंगडी पडते. त्यानं टाकलेला दर पूर्ण सत्य नव्हता. ती स्कीमची किंमत होती, ठरावीक पेट्या एकरकमी उचलल्या तरच मिळणारी. त्यात जीएसटी नव्हता, कोल्हापूरहून गाडीभाडं नव्हतं, मुदत संपून पडून राहणाऱ्या बाटल्या नव्हत्या. आणि उसाचं बिल निघेपर्यंत अख्ख्या गावाची उधारी अंगावर घेऊन बसलेला माणूस तर कुठल्याच दरपत्रकात नसतो. तरीही मार्जिन जास्त असेल, मी नाही म्हणत नाही. पण 'छापील किंमत वजा खरेदीदर बरोबर लूट' हे गणित आम्ही दहावीला केलं असतं तर सरांनी पट्टी काढली असती.

मग काय, गप्प बसायचं? अजिबात नाही. हीच माहिती योग्य दारात नेली तर काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

२०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. पाठवणारा स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हणवत होता. तक्रार अशी की मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, म्हणजे आपल्यासह, कंपनीनं ठरवलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट ग्राहकाला द्यायची डीलरना परवानगी नाही. पुण्यातल्या डीलरांचा त्यात विशेष उल्लेख होता. आयोगानं चौकशी लावली. जे बाहेर आलं ते सिनेमासारखं आहे. कंपनीनं नेमलेल्या एजन्सीचे लोक गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायचे, जादा सूट मिळते का बघायचे आणि आवाजाचं, व्हिडिओचं रेकॉर्डिंग करून पुरावा द्यायचे. सापडलेल्या डीलरकडून खुलासा मागितला जायचा, दंड व्हायचा. दंड डीलरशिपलाच नाही, तिथल्या सेल्समन आणि मॅनेजरलाही. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगानं मारुतीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीनं त्याविरुद्ध अपील केलं.

फरक लक्षात आला? तो डीलरही आतलीच गोष्ट बाहेर काढत होता. त्यानं ती ग्राहकांच्या ग्रुपवर टाकली असती तर चार दिवस शेअर झाली असती, कोण ते शोधून काढलं असतं आणि त्याची डीलरशिप गेली असती. त्यानं ती ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे पाठवली. शिवाय त्यानं खरेदीदराचा तक्ता दिला नाही. 'आम्हाला स्वस्त विकू देत नाहीत' ही वागणूक दाखवून दिली. किमान विक्री किंमत लादणं हे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(४) मध्ये बसतं. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत. त्याखाली कितीलाही विकायला दुकानदार मोकळा आहे, आणि त्याला अडवणाऱ्याची तक्रार करता येते. असं अडवणारं कलम करारात लिहिलेलं असलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

दुसरं उदाहरण हृदयात बसवायच्या स्टेंटचं. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान यांनी स्टेंटच्या किमतींबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं कंपन्यांकडून आकडे मागवले आणि चक्क प्रसिद्ध केले. स्टेंट कितीला येतो, वितरक किती लावतो, हॉस्पिटल किती. हॉस्पिटलच्या पातळीवर काही ठिकाणी मार्जिन सहाशे टक्क्यांच्या वर होतं. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी किंमत बांधली गेली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी लेप असलेला २९,६०० रुपये. त्याआधी हा दुसरा सरासरी सव्वा लाखाच्या घरात पडायचा. हॉस्पिटलच्या परचेस विभागातल्या एखाद्या क्लार्कनं हेच आकडे फेसबुकवर टाकले असते तर तो घरी बसला असता. प्राधिकरणानं टाकले तेव्हा भाव खाली आला.

तर आपल्या दारातल्या प्रश्नाला दार कुठलं? खत छापील दराच्या वर विकलं जात असेल, युरियासोबत दुसरं काही गळ्यात मारलं जात असेल, तर पंचायत समितीतला कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे दुकानात साठा आणि दराचा फलक लावणं बंधनकारक आहे, पावती देणंही. त्या फलकाचा फोटो काढा की हवे तेवढे, तो लोकांनी बघायलाच असतो. कुठलीही वस्तू एमआरपीच्या वर विकली तर वैधमापन विभाग, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि ग्रामपंचायतीनं एलईडी दिवा कितीला घेतला असा 'खरेदीदर' हवा असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. तिथेही कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपितांना सूट आहे, पण व्यापक लोकहित असेल तर ती बाजूला ठेवता येते, आणि आपल्याच पैशातून झालेल्या खरेदीचा दर लपवणं अवघड जातं.

एक कटू गोष्ट सांगायला हवी. खासगी दुकानात, कंपनीत काम करणाऱ्या पोरानं गैरप्रकार उघड केला तर त्याला वाचवणारा नेमका कायदा आपल्याकडे नाही. २०१४ चा जागल्यांचा कायदा संसदेनं मंजूर केला, पण तो लागूच झाला नाही, आणि झाला असता तरी तो सरकारी कारभारापुरता. त्यामुळे तक्रार करताना नाव गुप्त ठेवायची विनंती लेखी करा, मूळ कागद जागच्या जागी राहू द्या आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा.

दुकानदाराला माल महिन्याभरानं सुरू झाला, दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून. तोवर निम्मी गिऱ्हाइकं मलकापूरला वळली होती. त्यात भावाचे पप्पाही होते, कारण पुतण्याच्या-पोराच्या भानगडीनंतर त्या दुकानाची पायरी चढायची त्यांना लाज वाटत होती.

गेल्या रविवारी भावाचा फोन आला. त्याच दुकानदारानं त्याला परत बोलावलंय, दिवाळीपर्यंत बिलं मारायला. दुसरा कुणी कॉम्प्युटरवर बसायला तयार नाही म्हणे. या वेळी मात्र आधी दोन पानांचा कागद हातात दिलाय. "ताई, पाचवा मुद्दा बघ की. दोन लाख लिहिल्यात." मी त्याला कलम ७४ समजावून सांगितलं. मग म्हटलं, त्यात एक ओळ घालायला सांग: 'कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार हा भंग समजला जाणार नाही.' तो म्हणाला, "काका ऐकतील गं, पण त्यांस्नी तरी वरून विचारायला लागंल." कागद अजून त्याच्या बॅगेत आहे. बुधवारपर्यंत सांगतो म्हणालाय.